ग्वाल्हेरच्या कराओके खोलीत जपानी तार सप्तक

पाच वेळा जाऊन आलो, मगच लिहायला बसलोय. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसती तक्रार झाली असती आणि ती या जागेवर अन्याय करणारी ठरली असती.

कराओकेची ही जागा ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली कोचिंग क्लास, त्यामुळे संध्याकाळी जिन्यात मुलांची गर्दी. वर तीन खोल्या: दोन चौघांच्या, एक दहा जणांची. चौघांच्या खोलीला तासाला साडेतीनशे रुपये, शनिवार-रविवारी साडेचारशे. फोन करून वेळ ठरवावी लागते. येणारी मंडळी बहुतेक पन्नाशीच्या पुढची, जुनी हिंदी गाणी जीव ओतून गाणारी. त्यांच्यासाठी ही जागा चांगलीच आहे, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. आम्ही जातो ते जपानी गाणी गायला, आणि तीही अशी की जी गाताना जपानी माणूससुद्धा बटण दाबून पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, खाली उतरवतो. अशा गाण्यांसाठी ही जागा कितपत उपयोगी आहे, ते सांगतो.

आम्ही म्हणजे मी, माझी सतरा वर्षांची मुलगी आणि पुण्याला नोकरी करणारा भाचा. मी पेटी वाजवतो. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात घर आहे, घरी शिकवण्या घेतो आणि तीसेक वर्षं गवयांच्या बाजूला बसून साथ करतोय. भाचा पुण्यात जपानी शिकतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं फोनवर एक गाणं लावलं आणि म्हणाला, "मामा, याची पट्टी सांगा." मी पेटी पुढे ओढली, दोन ओळी ऐकल्या आणि सांगितली. मग तेच गाणं गुणगुणायला गेलो आणि मुखड्यापाशी गळा थांबला. मुलगी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, हे तर सोप्यातलं आहे." तेव्हापासून हा नाद लागला.

खरं जपानी यंत्र इथे नाही, हे आधी सांगून टाकतो. जपानातल्या कराओके खोल्यांत मुख्यतः 'दाम' आणि 'जॉयसाउंड' या दोन यंत्रणा चालतात. पडद्यावर प्रत्येक स्वराची आडवी पट्टी सरकत असते, तुमचा आवाज तिच्यावर बसतो की नाही ते तिथल्या तिथे दिसतं आणि शेवटी गुण मिळतात. इथे आहे एक लॅपटॉप, भिंतीवर मोठा टीव्ही, लहान मिक्सर, दोन कॉर्डलेस माइक आणि कोपऱ्यात दोन स्पीकर. हिंदी ट्रॅक त्यांच्याकडे साठवलेले आहेत, जपानी मात्र इंटरनेटवरून शोधून लावावे लागतात. पण लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर आहे, त्यात ट्रॅक अर्ध्या-अर्ध्या स्वरानं वर-खाली करता येतो आणि लय जागची हलत नाही. पाचपैकी चार तारे मी देतोय ते मुख्यतः त्या एका सोयीसाठी.

पहिल्या दिवशी तिथल्या मुलाला ते बटण दाखवायला सांगितलं, तर तो म्हणाला, "अंकल, इसको तो कोई छूता ही नहीं." मला फार वाईट वाटलं. आमच्या धंद्यात गवई आला की पहिला प्रश्न 'पट्टी कोणती?' हाच असतो. कुणी काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) सांगतो, कुणी काळी दोन, बाया बहुधा काळी चार किंवा पाच. त्यावरून कुणी कुणाला कमी लेखत नाही. तंबोरे त्याच्या गळ्याला लावतात, त्याचा गळा तंबोऱ्यांना लावत नाहीत. आणि इथे, तानसेनाची समाधी असलेल्या गावात, लोक तासाचे पैसे भरून दुसऱ्याच्या पट्टीत गळा ताणत बसतात.

भाच्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकल्यापासून मला या यंत्राबद्दल आपलेपणाच वाटायला लागला. कराओके शब्दातला 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं जपानी तोंडात आखूड झालेलं रूप. वाद्यमेळ आहे, गायकाची जागा रिकामी. असं यंत्र टोक्योत शिगेइची नेगिशी यांनी १९६७ मध्ये बनवलं होतं. पण त्याचा धंदा ज्यांच्यामुळे पसरला ते कोबे शहरातले दाइसुके इनोउए साथीदार होते. क्लबात गिऱ्हाईक गायला उभं राहिलं की हे मागे वाजवायचे. एका कारखानदार गिऱ्हाइकानं त्यांना सहलीला सोबत चला म्हटलं. यांना जमेना. म्हणून त्या माणसाच्या गळ्याला झेपेल अशी साथ त्यांनी टेपवर वाजवून दिली. पुढे १९७१ मध्ये नाणं टाकून चालणारी अकरा यंत्रं तयार करून भाड्यानं दिली. पेटंट घेतलं नाही. म्हणजे कराओकेच्या मुळाशी एका साथीदारानं एका गवयाची पट्टी सांभाळलेली आहे. हे मी त्या लॅपटॉपवाल्या मुलालाही सांगितलं. आता आम्ही गेलो की तो आधी विचारतो, "अंकल, आज कितना नीचे?"

आता गाण्यांकडे वळतो. जपानी मंडळी स्वरांची उंची एका खास पद्धतीनं सांगतात. 'मिड-टू' हे मधलं सप्तक आणि त्याच्या वर 'हाय'. त्यांचं सप्तक सी पासून नाही, ए पासून बदलतं. 'हाय-ए' म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा ए, आपल्या पेटीवरची पांढरी सहा. 'हाय-सी' त्याच्या वर तीन पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. गाणं किती अवघड आहे हे तिकडचे लोक एवढ्यातच सांगून मोकळे होतात: "हाय-सी आहे." आता हे आपल्या हिशेबात मांडून बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज (वरचा सा) जिथे लागतो, तिथून हाय-ए आठ पट्ट्या वर आहे. म्हणजे तार सप्तकातला कोमल धैवत. हाय-सी म्हणजे तार सप्तकातला शुद्ध निषाद! आमच्याकडे गवई तार पंचमाला जाऊन आला की मैफल जिंकली म्हणतात, आणि तिकडे लोकप्रिय पुरुष गायक त्याच्याही वर उभे राहून शब्द म्हणतात, नुसता 'आ'कार नव्हे.

मला ऐकवलं गेलेलं ते पहिलं गाणं 'प्रिटेंडर'. २०१९ चं, ऑफिशियल हिगेदान्दिझम नावाच्या चौघांच्या बँडचं. गाणारे सातोशी फुजिहारा स्वतः पियानो वाजवतात आणि रचनाही त्यांचीच. ऐकताना ते इतकं गोड लागतं की अवघड आहे असं वाटतच नाही. फसगत तिथेच होते. कडवं अगदी खाली, बोलल्यासारखं सुरू होतं, आणि मुखडा आला की आवाज हाय-एच्या वर वावरतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मूळ पट्टीत मला मुखड्याच्या पहिल्या ओळीनंतर थांबावं लागलं. दोन पट्ट्या उतरवल्या, मुखडा झाला पण दुसऱ्या खेपेला घसा आवळला. चार उतरवल्या तेव्हा सगळ्यात वरचा स्वर तार पंचमाच्या आसपास आला आणि मला श्वास सापडला. मग वाटलं, अजून एक उतरवून आरामात गाऊ. पाच उतरवल्यावर कडवं मंद्रात इतकं खाली गेलं की माइकमध्ये नुसती हवा जात होती. चारच. माझ्यासारखा गळा असेल तर तुम्हीही चारवर थांबा. ही गाणी उंच आहेत असं सगळे सांगतात, पण ती रुंद आहेत हे कुणी सांगत नाही. वरून कापलं की खालून बाहेर येतं.

चारच्या खाली आणखी एक अडचण आहे आणि ती या जागेची आहे. ते सॉफ्टवेअर तीन पट्ट्यांपर्यंत नीट काम करतं. चारला ड्रमचा आवाज ओल्या डग्ग्यासारखा जड होतो, पाच-सहाला तर पियानोही बुडबुडल्यासारखा वाजतो. ट्रॅक चांगला असेल तर चारपर्यंत चालवून घ्यावं.

दुसरं गाणं 'हाकुजित्सु', किंग ग्नू या बँडचं, तेही २०१९ चंच. याच्याविषयी मला जास्त लिहायचं आहे, कारण या गाण्यानं माझं एक मत बदललं.

गाण्याची सुरुवातच खोट्या आवाजात आहे. छातीचा आवाज सोडून वरचा, पातळ, हलका आवाज लावतात त्याला आम्ही खोटा आवाज म्हणतो, आणि आमच्या ग्वाल्हेर गायकीत तो त्याज्य. खुला, भरदार आकार हीच आमची खूण. लहानपणी शिकताना तार सप्तकात आवाज पातळ केला की गुरुजी पेटीचा भाता बंद करायचे. तसाच मी माझ्या शिष्यांपाशी करत आलो. त्यामुळे भाच्यानं हे गाणं लावलं तेव्हा मी पहिल्या दहा सेकंदांत म्हणालो, "हे गाणं नाही, हे टाळणं आहे." भाचा म्हणाला, "मामा, याला आमच्या जपानीत खोटा नाही म्हणत." छातीच्या आवाजाला ते 'जिगोए' म्हणतात, जमिनीचा आवाज. दुसऱ्याला 'उरागोए'. 'उरा' म्हणजे मागची बाजू, जशी कापडाला उलटी बाजू असते. खोटा नव्हे, अस्तराचा आवाज.

मग मी ते गाणं हेडफोन लावून सलग चार वेळा ऐकलं. गायक सातोरु इगुची हे टोक्यो कलाविद्यापीठात पाश्चात्त्य पद्धतीचं गायन शिकलेले आहेत, आणि ते शिक्षण जाणवतं. वरच्या आवाजातून खालच्या आवाजात येताना शिवण दिसत नाही. एकाच शब्दात आवाज बदलतो, पण स्वर डळमळत नाही. असं करणाऱ्याला टाळणारा कसं म्हणायचं? मी पेटीवर तीच ओळ वाजवून सोबत गायला बघितली. खोटा आवाज माझ्याकडे होता, पण सुरेल नव्हता. तीस वर्षं त्याला घरात येऊ दिलं नाही तर तो शिकणार कधी? आता रोज सकाळी खर्जाच्या रियाजानंतर दहा मिनिटं मी हा अस्तराचा आवाज लावतो, पांढरी सहापासून वर, अगदी हलका, श्वासाचा धक्का न देता. दोन महिन्यांत तो स्थिर झाला आहे.

आणि याच गाण्यात पट्टी उतरवण्याची मर्यादा कळली. चार पट्ट्या उतरवून गायलो तेव्हा सुरुवातीचे स्वर छातीच्या आवाजाच्या कक्षेत आले. मी ते छातीनं गायलो. स्वर बरोबर, शब्द बरोबर, पण गाणं गेलं. जिथे आवाज तरंगायला हवा तिथे तो जमिनीवर चालत होता. म्हणून 'हाकुजित्सु' मी दोनच पट्ट्या उतरवून गातो, वरचं सगळं अस्तराच्या आवाजात, आणि मधला खालच्या आवाजाचा भाग भाचा घेतो. मूळ गाण्यातही तो दुसऱ्या गायकाचाच आहे, दाइकी त्सुनेता यांचा. एकट्यानं सगळं गाण्याचा हट्ट धरू नका. दोन माइक आहेत, दोघांनी वाटून घ्या.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिची पट्टी काळी चार. तिच्यासाठी हाय-सी म्हणजे तार गंधार, तिथे ती सहज जाते. तिचा अडतो तो दमसास. योआसोबी या जोडीचं 'योरु नि काकेरु' तिचं आवडतं. मिनिटाला १३० ठोक्यांची लय, शब्दांची झड, आणि शेवटच्या मुखड्यात पट्टीच बदलते, तीही थकलेल्या गळ्यावर. पहिल्या खेपेला ती दुसऱ्या कडव्यात खाली बसली. मी तिला विचारलं, श्वास कुठे घेतेस? ती म्हणाली, "बाबा, जागाच नाही." मी ट्रॅक थांबवत थांबवत ऐकला. खरंच फार थोड्या जागा आहेत.

कारण पुढे कळलं. या जोडीतले रचनाकार आयासे आधी व्होकॅलॉइडसाठी गाणी करत होते. व्होकॅलॉइड म्हणजे यामाहानं विकसित केलेलं गाणारं सॉफ्टवेअर: शब्द आणि स्वर भरायचे, संगणक गातो. सापोरोच्या क्रिप्टन कंपनीनं ऑगस्ट २००७ मध्ये काढलेली हात्सुने मिकू ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध 'गायिका'. तिच्यामागे आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा आहे, पण मिकूला फुप्फुसं नाहीत. तिला श्वास लागत नाही, उडी मारताना भीती वाटत नाही. घरात संगणकावर तिच्यासाठी गाणी रचणारी मुलं मोठी झाली आणि आजचं जपानी पॉप बऱ्याच अंशी त्यांच्या हातात आलं. केनशी योनेझुही त्यांतलेच, तेव्हा ते 'हाची' या नावानं गाणी करत. यंत्राच्या गळ्यासाठी लिहिण्याची सवय माणसाच्या गाण्यात उतरली, आणि ती पेलणाऱ्या माणसांची पिढीही तयार झाली. आदो ही गायिका व्होकॅलॉइडची गाणी आपल्या आवाजात गाऊन पुढे आली, २०२० साली पहिलं व्यावसायिक गाणं आलं तेव्हा ती माझ्या मुलीच्याच वयाची होती. तिचं ते गाणं मुलीला गायचं आहे. मी सध्या नको म्हटलं आहे. त्यात आवाज मुद्दाम खरवडायचा असतो, आणि ते तंत्र कुणाकडून तरी शिकल्याशिवाय करणं म्हणजे गळ्याला इजा.

'योरु नि काकेरु'साठी आम्ही श्वासाच्या जागा वहीत आखल्या. यात मराठी फार कामी आलं. भाच्यानं शब्द देवनागरीत लिहून दिले होते आणि मुलगी ते हिंदीसारखे वाचत होती. मी म्हटलं, मात्रावृत्तासारखं मोज. आपल्याकडे अनुस्वार आला की अक्षर गुरू होतं, दोन मात्रांचं. जपानीतही अक्षराच्या शेवटचा 'न्' स्वतःची एक मात्रा घेतो. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आपण गुरू धरतो. 'कित्तो' या जपानी शब्दात 'कि' नंतरचा अर्धा त् एक मात्रा थांबतो, म्हणजे शब्द तीन मात्रांचा. एवढं कळल्यावर तिच्या शब्दांची झड आपोआप तालात बसली, आणि त्या अर्ध्या त् च्या थांब्यावर गळा क्षणभर सैल सोडता येतो हेही तिच्या लक्षात आलं. उच्चारातही आपल्याला एक आयती देणगी आहे. जपानी 'त्सु' आमच्या इथल्या हिंदी मित्रांना जड जातो. आपण 'चमचा', 'चांदणं' म्हणतो त्यातला च तिथे लावला की काम झालं.

एक सल्ला सगळ्यांसाठी: वरच्या स्वरावर 'इ' आला की सावध. 'आ'वर गळा उघडतो, 'इ'वर आवळतो, आणि जपानीत 'इ' पावलोपावली. अशा जागी तोंडातल्या तोंडात 'इ' किंचित 'ए'कडे झुकवा. ऐकणाऱ्याला 'इ'च ऐकू येतो आणि तुमचा स्वर चढा लागत नाही.

तिसऱ्या खेपेला एक वाईट प्रकार झाला, तो लिहायलाच हवा. भाच्यानं हट्टानं 'कुरेनाइ' मूळ पट्टीत लावलं. एक्स या रॉक बँडचं १९८९ चं गाणं, सुरुवात संथ आणि मग तुफान. तोशी हे गायक ते ज्या ताकदीनं गातात ती वर्षानुवर्षांच्या मेहनतीची ताकद आहे. भाचा ओरडला. पहिल्या मुखड्याला बरं गेलं, दुसऱ्याला आवाज फाटला, तरी थांबला नाही. पुढे तीन दिवस त्याला बोलता येत नव्हतं. आमच्या ग्वाल्हेरात जुन्या काळचे गवई हस्सू खाँसाहेब यांची आख्यायिका पिढ्यान्पिढ्या सांगतात. दुसरे गवई बडे मुहम्मद खाँ यांच्या आग्रहावरून दरबारात त्यांनी 'कडक बिजली'ची तान घेतली, ती पुन्हा घ्यायला लावली, आणि दुसऱ्यांदा घेताना त्यांची बरगडी गेली, तोंडातून रक्त आलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला अभिमान वाटायचा. त्या रात्री भाच्याला हळद-दूध देताना मला त्यातली 'पुन्हा' म्हणणारी माणसं आठवत होती. त्याला तसं म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी टाळ्या वाजवत होतो. तेव्हापासून आमच्यात ठरलं आहे: आवाज फाटला की माइक खाली, आणि समोरच्यांनी टाळी वाजवायची नाही. 'कुरेनाइ' आता आम्ही फक्त ऐकतो.

आता जागेचे दोष. सगळ्यात मोठा एको. ते मिक्सरवर एको इतका वाढवून ठेवतात की प्रत्येक आवाज गोड वाटतो आणि एकही स्वर नीट ऐकू येत नाही. वेगवान जपानी शब्दांत मागच्या ओळीचा प्रतिध्वनी पुढच्या ओळीवर येऊन पडतो. गेल्या गेल्या एकोचं बटण जवळजवळ बंद करायला सांगा. मुलगा आधी नाराज होतो, मग करतो. दुसरं, स्पीकर दोन्ही समोर आहेत, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज येईल असा वेगळा स्पीकर नाही. त्यामुळे माणूस नकळत जोर लावतो. स्पीकरच्या रेषेपासून थोडं बाजूला उभं राहिलं आणि एक कान हातानं झाकला की बरंच ऐकू येतं, आपले गवई करतात तसंच. तिसरं, एसी थेट गाणाऱ्याच्या डोक्यावर. डिसेंबरात गेलो तर तो बंद करता आला, पण मे महिन्यात ग्वाल्हेरात एसीशिवाय बंद खोलीत बसणं शक्य नाही, तेव्हा काय होईल ते सांगता येत नाही. आणि प्यायला फक्त फ्रिजमधलं थंडगार पाणी. आम्ही घरून कोमट पाण्याचा थर्मास नेतो. त्यांनी कधी अडवलं नाही.

इंटरनेटवरचे ट्रॅक हा तसा जुगारच. एकाच गाण्याचे चार-पाच ट्रॅक सापडतात, त्यातले काही आधीच पट्टी बदललेले. मी नेहमी खिशात पिचपाइप (फुंकून मूळ स्वर देणारी छोटी शिटी) ठेवतो आणि पहिला स्वर तपासतो. कुणाकडे पेटी किंवा फोनवर तंबोऱ्याचं अॅप असेल तर त्यानंही चालेल. ट्रॅक शोधण्यात पंधरा मिनिटं जात आणि तीही तासात धरली जात, याबद्दल मी मालकांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चौथ्या खेपेपासून पहिली दहा मिनिटं आवाज लावायला मोकळी ठेवली. मागितलं म्हणून दिलं, पण दिलं. असं ऐकून घेणारी माणसं मला महत्त्वाची वाटतात.

कुणी जावं? जपानी गाणी नुकती आवडायला लागली असतील आणि घरी शेजाऱ्यांच्या भीतीनं मोकळं गाता येत नसेल तर जरूर जा, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी. तेव्हा बाजूच्या खोल्या रिकाम्या असतात, नाहीतर शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून दुसरं गाणं झिरपतं. गुण देणारं यंत्र हवं असेल तर इथे ते नाही. त्याची मला फारशी उणीव वाटत नाही. खालून घसरत स्वरावर येण्याला जपानी यंत्रं 'शाकुरी' म्हणून मोजतात, गळ्याच्या वळशाला 'कोबुशी' म्हणून. आपली मींड आणि मुरकी ती कुठल्या खात्यात टाकतील, हे पाहायची मला उत्सुकता मात्र आहे.

मागच्या रविवारी आम्ही तिथून निघून तानसेनाच्या समाधीवर गेलो. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुरेल होतो असं इथे सगळे मानतात. मुलीनं दोन पानं तोंडात टाकली आणि आंबट चेहऱ्यानं 'योरु नि काकेरु'चं दुसरं कडवं म्हणून पाहिलं, हळू लयीत, वहीतल्या श्वासाच्या जागा बोटानं दाखवत. एकदाही अडली नाही. पुढच्या गुरुवारी दुपारी तीनची वेळ घेतली आहे. वहीत तिनं त्या गाण्यापुढे 'मूळ पट्टी' लिहिलं आहे, आणि माझ्या 'प्रिटेंडर'पुढे 'उणे चार' खोडून 'उणे तीन'.